हात तोच, आवाज निराळा

आमच्या कुटुंबानें अखेरच्या आजारपणांत वाजविलेली भूपाळी नातवानें संगणकावर नोंदवून ठेविली होती. पेटीचा भाता हलविण्याचें बळ तिला उरलें नव्हतें, म्हणून त्यानें संगणकास जोडलेला कीबोर्ड तिच्यापुढें ठेविला. आवाज मात्र पेटीचाच उमटे. परवां वर्षश्राद्धाच्या दिवशीं नव्या संगणकावर तीच भूपाळी लाविली, तों पेटीच्या जागीं पियानो ऐकूं आला!

आम्ही खिन्न झालों. नातू म्हणाला, "आजोबा, आजीचें वाजवणें कोठें गेलें नाहीं. ही नोंद ध्वनीची नव्हे, मिडीची आहे." १९८३ सालीं प्रचारांत आलेल्या ह्या पद्धतींत कोणती पट्टी केव्हां, किती वेळ व किती जोरानें दाबली, एवढेंच लिहिलेलें असतें; जोराचे आंकडे १ पासून १२७ पर्यंत. नाद पुरवितें तें वाद्य निराळें. जुन्या पेटीचा स्वरसंच नव्या यंत्रांत नव्हता, म्हणून तीच लिपि पियानोनें वाचली.

स्वरसंच बसवितांच पेटी पूर्ववत् बोलूं लागली. परंतु त्या पेटींत बोटांच्या जोराचा फरक ऐकूं येत नसे. पियानोंत तो आला होता. तिच्या अनामिकेचा प्रत्येक स्वर क्षीण पडत होता. बोट दुखतें, हें तिनें आम्हांस कधीं सांगितलें नव्हतें.

मूळ नोंद जपून दोन्ही आवाजांचीं ध्वनिमुद्रणें काढून ठेवण्यास आम्हीं नातवास सांगितलें. वाचकांनींहि नुसत्या मिडीवर विसंबूं नये. घरांत पेटीचें मुद्रण लागतें. एकटे असतां आम्ही पियानोचें ऐकतों.