शिदोरी बांधण्यापूर्वी

चाकणच्या कारखान्यांतून मुले जर्मनीला जातात, मागोमाग आईवडीलही निघतात. त्यांपैकी ज्यांना सिलिअ‍ॅक आजारामुळे गहू वर्ज्य आहे, ते तिथल्या पावाची धास्ती घेऊन माझ्या दवाखान्यात येतात. मी मात्र आधी त्यांच्या शिदोरीची चौकशी करतो. मेतकुटात व थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, डबीतल्या हिंगात पुष्कळदा मैदा; गिरणीत गव्हावर दळलेले ज्वारीचे पीठही निर्धोक नव्हे. युरोपात वेष्टनावरील घटकांत गहू, जव, राय ठळकपणे दाखवणे बंधनकारक आहे; ‘ग्लुटेनफ्राय’ म्हणजे किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमहून अधिक नाही. घरच्या डब्यावर असे काही लिहिलेले नसते. म्हणून भाजणी गव्हावाचून करावी, धान्य घरीच दळावे. ‘चिमूटभराने काय होते?’ या प्रेमळ आग्रहाला नम्र नकार द्यावा. आतड्याच्या इजेला चिमूटही पुरते.