फेसाचा हिशेब

सोयगावात दोघांना योग्य श्रेय मिळालं नाही. एक तालुक्याला : लेणी आमच्या हद्दीत, नाव मात्र सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावाचं. दुसरा मी.

गेल्या दिवाळीत भाचा डब्लिनहून आला. त्याच्या शैक्षणिक कर्जाला मी जामीन होतो. बँकेतल्या माणसानं जामीन राहणं म्हणजे गारुड्यानं नाग उशाशी घेऊन झोपणं! चार वर्षं माझी झोप हप्त्याच्या तारखेवर अवलंबून होती. त्यानं "मामा, कर्ज फिटलं" म्हणत वाकून नमस्कार केला आणि पेढ्यांऐवजी एक काळा डबा हातात ठेवला. गिनेस!

मी डबा कानाशी नेला. आत काहीतरी खडखडलं.

"अरे, मोडलंय वाटतं!"

"हलवू नका मामा! आत नायट्रोजन भरलेला प्लॅस्टिकचा गोळा आहे."

हिनं ग्लास दिला, पण परत कपाटात यायचा नाही या अटीवर. डबा उघडताच दाब कमी झाला, गोळ्याच्या बारीक भोकातून फवारा सुटला. ग्लासात काळंभोर पेय आणि वर सायीसारखा फिकट फेस. गंमत म्हणजे काचेलगतचे बुडबुडे चक्क खाली चाललेले! आमच्या शाखेतल्या ठेवींशिवाय असं काही मी पाहिलं नव्हतं.

"ग्लास वर रुंद आहे ना," भाचा म्हणाला, "मधले बुडबुडे वर जातात, कडेचं पेय खाली येतं आणि बारीक बुडबुड्यांना ओढून नेतं."

आपल्या वाळूजला बनते त्या नेहमीच्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो. इथं बराचसा नायट्रोजन. ही युक्ती 1959 साली त्यांच्याकडच्या मायकेल ॲश नावाच्या गणितज्ञानं बसवली. नायट्रोजन पेयात फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे अगदी बारीक. एरवी लहान बुडबुड्यात दाब जास्त असल्यामुळे त्यातला वायू मोठ्यात जातो. लहान संपतो, मोठा फुगतो.

"म्हणजे बँकांचं विलीनीकरण!" मी म्हणालो.

"तेच. नायट्रोजनमुळे ते लांबतं. शिवाय बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्सचा कडूपणा बुडबुड्याची भिंत धरून ठेवतात."

"पण काळ्यावर पांढरं कसं?"

"भिंत इतकी पातळ, की तिच्यात रंग उरतो कितीसा? त्यात असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्यात नवल काय मेलं? कॉफी नि साखर चमच्यानं घोटली की पांढरी पडतेच की!"

भाचा थबकला. "मामी, अगदी तेच." बारावीला तो आमच्याकडे होता. रात्री अकराला ही कपात कॉफी घोटत बसायची. त्या टकटकीवर त्यानं अख्खं रसायनशास्त्र पाठ केलं.

मी एक घोट घेतला. भाजलेल्या बार्लीचा, करपलेल्या कॉफीसारखा कडूपणा. 1759 साली त्या गिनेसनं डब्लिनची जागा वर्षाला 45 पौंडांवर 9000 वर्षांच्या करारानं घेतली म्हणे. माझ्या मनात एकच प्रश्न : त्याला जामीन कोण राहिलं असेल?

निघायच्या आदल्या रात्री अकराला टकटक ऐकू आली. उठून पाहिलं, तर भाचा ओट्याशी उभा राहून मामीसाठी कॉफी घोटत होता आणि ही पदरानं चष्मा पुसत होती.

कर्जाचं खातं बंद झालं. कॉफीचं आम्ही चालू ठेवलंय.