जुन्या सायकलीची पारख

जुन्या वस्तूंची स्तुति करणारीं माणसें दोन प्रकारचीं असतात: एक त्या वापरणारीं, आणि दुसरीं त्या नुसत्या भिंतीला टेकवून ठेवणारीं. मी अर्थातच दुसऱ्या प्रकारांतला. वडिलांची सायकल त्यांच्यामागें वीस वर्षें आमच्या पडवींत उभी होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी मोठ्या अभिमानानें सांगत असें, "पोलाद पाहावें तें हें! आतांच्या सायकली म्हणजे नुसता पत्र्याचा खेळ." पोलादाविषयीं माझें ज्ञान काय, हें मला कोणी विचारलें नाहीं, आणि मींही तें आपण होऊन सांगितलें नाहीं.

वडील प्राथमिक शिक्षक होते. झरी जामणीच्या आसपास कोलामांचे जे पोड आहेत, तेथील शाळांवर ते १९६२ सालापासून याच सायकलीवरून जात. पावसाळ्यांत मडगार्ड आणि चाक यांच्यामध्यें काळी चिकण माती गच्च बसे. मग सायकल वडिलांच्या खांद्यावर बसे. लहानपणीं मी पुढल्या दांडीवर बसून त्यांच्याबरोबर जात असें. तिसरींत गेल्यावर मात्र एके दिवशीं ते एकाएकीं म्हणाले, "आतां मोठा झालास, चालत येत जा." तो अपमान मी पुष्कळ दिवस विसरलों नव्हतों.

यंदा माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी रोज उशिरा येऊं लागला. मीं त्याला चार शब्द सुनावले. नंतर कळलें कीं, तो एका पोडावरून दोन कोस पायीं येतो. मला शरम वाटली, आणि शरमेच्या पाठोपाठ औदार्य आलें. मीं त्याला सांगून टाकलें, "माझ्या वडिलांची सायकल घेऊन जा." दान करतांना आपली वस्तु किती थोर आहे हें मनुष्य आधीं ठरवतो, ती किती मजबूत आहे हें पाहण्याचें त्याला सुचत नाहीं. तें आमच्या घरांत पत्नीला सुचलें. "लेकराच्या हातीं देण्याआधीं मिस्त्रीला दाखवा," ती म्हणाली.

मिस्त्री सत्तरीचे आहेत. सायकल घेऊन मी त्यांच्या दुकानापुढें उभा राहिलों आणि तिच्या काळ्याभोर रंगाचें कौतुक सुरू केलें. ते म्हणाले, "रंगाकडे काहून पाहून राहिले जी, गुरुजी? रंग तं काल बी देता येते."

सायकलीचा बिल्ला केव्हांच गळून पडला होता. १९४९ सालीं मद्रासेजवळ अंबत्तूरला आणि १९५२ सालीं असनसोलला विलायती कंपन्यांच्या साह्यानें सायकलींचे कारखाने उभे राहिले. त्यांपैकीं एखाद्यांतली ही असावी, अशी माझी समजूत होती. मिस्त्रींना त्याची पर्वा नव्हती. ते सांधे पाहत होते. जुन्या पद्धतीच्या फ्रेमींत नळ्यांचीं टोकें पोलादी सांध्यांत बसवून मधल्या फटींत वितळलेलें पितळ भरीत. पितळ सर्वत्र पोंचलें असेल तर सांधा नळीपेक्षांही बळकट होतो. त्यांनीं प्रत्येक सांध्याच्या कडेवरून नख फिरवलें. मग सायकल उलटी करून, पायडलाचा आंस ज्या आडव्या नळकांड्यांत बसतो तें उघडलें. सीटच्या नळींतून उतरणारें पाणी तेथेंच सांचतें, आणि गंज बाहेरून न दिसतां आंतून पोलाद खातो. तेथें गंज होता, पण वरवरचा. माझी छाती फुगली.

पुढें त्यांनीं सुतळी काढली. मागल्या चाकाच्या एका खांचेला तिचें टोक बांधलें, सुतळी पुढल्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खांचेपर्यंत ताणली, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचें अंतर मोजलें. फ्रेम सरळ असेल तर तें सारखें भरतें. येथें दोन सुतांचा फरक निघाला. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दांडीखालीं, पुढल्या सांध्यामागें, बोट फिरवलें आणि माझेंही बोट तेथें ठेवलें. रंगाखालीं एक बारीकशी लाट होती. खालच्या तिरप्या नळीवरही तशीच.

"समोरून धडक बसली हाय. मंग कोण्या लोहारानं सरळ केली, वरून रंग दिला."

तेवढा रंग खरवडून त्यांनीं तेथें रॉकेल लावलें, पुसलें, आणि वर खडूची पूड चोळली. आगगाडीचे आंस तपासण्याची ही जुनी रीत मीं वाचली होती. दुकानाच्या दारांत पाहिली प्रथमच. थोड्या वेळानें पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक ओली रेघ उमटली. चिरेंत शिरलेलें रॉकेल बाहेर येत होतें.

"म्हातारी झाली म्हणून?" मीं विचारलें.

"म्हातारी हाय म्हणून नाई जी. दुमडली हाय म्हणून."

पन्नाशी ओलांडलेल्या मनुष्याला हें उत्तर दिलासा देणारें होतें, आणि शास्त्रालाही धरून होतें. ऑगस्ट व्होलर या जर्मन एंजिनीयरानें एकोणिसाव्या शतकांत दाखवून दिलें कीं, ताण ठराविक मर्यादेच्या आंत राहिला तर पोलाद तो लाखों वेळां सोसतें. नुसत्या वयानें तें थकत नाहीं. पण एकदां मर्यादेबाहेर वांकून पुन्हा थंडच सरळ केलेल्या जागेचा भरंवसा धरतां येत नाहीं. चीर तेथूनच निघते, आणि खड्डा आला कीं पुढें सरकते.

घरीं परततांना मला एक जुनी संध्याकाळ आठवली. मी तिसरींत असतांना वडील एकदां हाताला फडकें बांधून घरीं आले होते. "पाय घसरला," एवढेंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीं ते नेहमींप्रमाणें सायकलीवरून शाळेला गेले. मला मात्र त्यांनीं चालत यायला सांगितलें. नवी सायकल घेण्याइतका पैसा घरांत नव्हता. ही सायकल त्यांनीं त्यापुढेंही कितीतरी वर्षें चालविली, पण त्या दांडीवर माझें वजन त्यांनीं पुन्हा कधीं घातलें नाहीं. सुतळी आणि खडू यांच्यावांचूनच त्यांनीं फ्रेमीची पारख केली होती. जो भरंवसा स्वतःपुरता धरला, तो त्यांनीं मुलाच्या बाबतींत धरला नाहीं.

त्या विद्यार्थ्याला मीं एक साधी नवी सायकल घेऊन दिली. दुकानदार हंसत असतांना मीं सुतळी लावून दोन्ही बाजूंचें अंतर मोजलें. तें सारखें भरलें. जुनी सायकल पडवींतच आहे. खरवडलेल्या जागेला मीं पुन्हा रंग दिला नाहीं. गंज चढूं नये म्हणून अधूनमधून तेलाचें बोट मात्र लावतों.