किल्लीची माणसे

एका मनगटाला किती घड्याळे पुरतात? हा प्रश्न मला आमच्या घरातून विचारला गेला आहे, सासरेबुवांनी विचारला आहे, आणि एकदा तर तोंडी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यानेही विचारला आहे. (त्याला मी उत्तीर्ण केले. प्रश्न चांगला होता.) माझ्या संग्रही आजमितीस एकतीस घड्याळे आहेत. पुस्तके जमवणाऱ्याला लोक व्यासंगी म्हणतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवले, तर त्याचे संग्रहालय झाले आणि १९७५ साली ते त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केले. पण एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाने एकतीस मनगटी घड्याळे जमवली, की शेजारीपाजारी हलक्या आवाजात बोलू लागतात.

वाचकांचा गैरसमज नको. ज्यांची किंमत ऐकून फ्लॅटची चौकशी करावीशी वाटते, आणि ती घेऊन लोक तिजोरीत कुलूपबंद करतात, ती सोन्याची स्विस घड्याळे मी मासिकांतल्या चित्रांतच पाहिली आहेत. आमचा सारा कारभार एच. एम. टी., फेवर ल्युबा आणि वेस्ट एंड या तीन घराण्यांत आटोपतो. किल्लीची घड्याळे, रोज सकाळी आठवणीने किल्ली द्यावी लागणारी. सेल घालून विसरून जाण्याच्या घड्याळांना आमच्या मंडळीत पान वाढत नाहीत.

मंडळी म्हणजे आम्ही पाच जण. एस. टी. स्टँडच्या मागच्या बोळात चाचांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान कसले, तीन फुटांची टपरीच. पुढे काचेची पेटी, मागे चाचा, त्यांच्या उजव्या डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा. टपरीसमोर एक बाकडे आहे. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास त्या बाकड्यावर दातांचे एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक टेलिफोन ऑपरेटर, एस. टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर आणि मी, असे चौघे दाटीवाटीने बसत असू. एरवी या चौघांनी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिले नसते. डॉक्टरांचे नि माझे राजकारणावरून तर एकदा असे वाजले, की दोन महिने आम्ही बोलत नव्हतो. मात्र त्या दोन महिन्यांतही एकमेकांची घड्याळे हातात घेऊन पाहतच होतो.

कंडक्टरला आपल्याकडे ‘मास्तर’ म्हणतात. त्यामुळे बाकड्यावर एक मास्तर आणि एक सर, अशी दोन शिक्षकमंडळी झाली होती. खरे मास्तर तेच. हा नाद मला त्यांनी लावला. माझ्या हातावर वडिलांचे जुने एच. एम. टी. पाहून त्यांनी धावत्या गाडीत, तिकिटांचा पंच वाजवायचा थांबवून विचारले होते, “शेवटचे ऑइलिंग कधी केले?” मी म्हणालो, “ठाऊक नाही.” त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी विनातिकीट सापडलो आहे.

एच. एम. टी.ची हकिकत आमच्या पिढीला निराळी सांगायला नको. पण पुढच्या पिढीला सांगावी लागते. हिंदुस्थान मशीन टूल्स ही यंत्रे बनवणारी सरकारी कंपनी १९५३ साली निघाली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने बंगळुरात घड्याळांचा कारखाना घातला. त्यातून जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन अशी एकेक नावे बाहेर पडली. नावे ठेवणारा कोण होता कोण जाणे, पण त्याला भाषेचा कान होता. ‘जनता’च्या डायलवर देवनागरीत ‘जनता’ असे छापलेले असे. गोरगरिबाच्या मनगटावर त्याचेच नाव! दहावी झाली की घड्याळ, नोकरी लागली की घड्याळ, जावई आला की घड्याळ. पुढे क्वार्ट्झ आले. जपानच्या सायको कंपनीने १९६९च्या डिसेंबरात पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवले, आणि किल्लीच्या घड्याळांची घटका भरली. आपल्याकडे ती लाट पोचायला आणखी काही वर्षे लागली, एवढेच. २०१६च्या जानेवारीत एच. एम. टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्या दिवशी मास्तरांनी दाढी केली नव्हती.

आता अचूकपणाच म्हणाल, तर आमची बाजू लंगडी आहे हे कबूल. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आमच्या ‘जनता’चे चक्र तासाला अठरा हजार, म्हणजे सेकंदाला पाचच ठोके घेते. दिवसाकाठी अर्धा मिनिट इकडे तिकडे व्हायचेच. पण त्या पाच ठोक्यांची मौज ऑपरेटरसाहेबांना विचारावी. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या हातात एच. एम. टी.नेच काढलेले ब्रेल घड्याळ असते. झाकण उघडावे आणि काट्यांवरून बोट फिरवावे. मात्र त्यांचा संग्रह कानाचा आहे. घड्याळ कानाशी धरून ते सांगतात, “याची टिकटिक लंगडते आहे. एक पाऊल लांब, एक आखूड.” चाचा मागचे झाकण उघडतात, भिंगातून पाहतात, केसासारख्या स्प्रिंगेला चिमट्याने जरासे हलवतात, आणि घड्याळ पुन्हा समपदी चालू लागते. हा प्रयोग मी शंभरदा तरी पाहिला असेल. अजून पुरेसा झालेला नाही.

झाकण उघडले म्हणजे आत आणखी एक मौज असते. जुने कारागीर दुरुस्ती झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण आणि तारीख कोरून ठेवत. मालकाला ती कधी दिसत नाही. फक्त पुढच्या कारागिराला दिसते. वडिलांच्या घड्याळात अशा सहा खुणा निघाल्या. वडील गावोगाव बदलून जात. त्यामुळे हातही सहा निराळे. घड्याळ फारसे बिघडत नसे, तरी दर चार-पाच वर्षांनी त्यांनी ते साफ करून घेतले होते. घरात आम्हाला कधी बोलले नाहीत.

आमच्या बाकड्यावरचा सनातन वाद डायलचा. जुन्या घड्याळाची डायल डागाळते, पिवळी पडते. ती पुसून नव्याने रंगवून, नवा पट्टा लावून, तीन घड्याळांचे भाग एकात कोंबून विकण्याचा धंदा इतका मोठा आहे, की परदेशांतले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एका शुक्रवारी पहाटे मास्तर आणि मी मुंबईच्या चोरबाजारात गेलो होतो. पोपटी डायलची, केशरी डायलची, कंपनीने स्वप्नातही न काढलेली एच. एम. टी. घड्याळे तेथे मांडलेली! डॉक्टरांचे म्हणणे, दिसायला छान आहे ना, मग झाले. दात पिवळा पडला तर आम्ही टोपी बसवतोच की. माझा पक्ष कर्मठांचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती कशासाठी? घुसडलेल्या ओव्या कितीही गोड असोत, त्या ज्ञानेश्वरांच्या नव्हेत. डायल ही संहिता आहे. डाग चालेल, प्रक्षेप चालणार नाही.

मास्तरांपाशी काळ्या डायलचे एक पायलट होते. त्यावर माझा डोळा होता, हे सर्वांना ठाऊक होते. ती डायल रंगवलेली असावी असा मला संशय. अंकांच्या कडा जरा जास्तच गुळगुळीत होत्या. मास्तर गळ्याची शपथ घेऊन सांगत, “सर, कंपनीची आहे.” चार वर्षे हा वाद चालला. मीही सोडला नाही, त्यांनीही सोडला नाही. विकतही दिले नाही.

२०२३च्या श्रावणात मास्तर गेले. अडुसष्ट वर्षांचे होते.

दोन महिन्यांनी त्यांची मुलगी बाकड्यापाशी आली. बरोबर कंडक्टरची पत्र्याची तिकीटपेटी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. जिल्ह्याच्या गावच्या एका व्यापाऱ्याने सगळी पेटी पंधरा हजाराला मागितली होती. “काका, घड्याळांतले तुम्हाला कळते. बाबा म्हणायचे, काही झाले तर बाकड्यावर जा.” एवढे बोलून ती गप्प राहिली.

आमचीही क्षणभर वाचा बसली. कारण उघड आहे. त्या पेटीतले काही ना काही आम्हा प्रत्येकाला हवे होते, आणि भाव ठरवायचा आम्हीच! संग्राहक म्हणजे संत नव्हे. एरवी चोरबाजारात दोनशेचे घड्याळ दीडशेला पाडून आणले, की आठवडाभर तेच सांगत फिरणारी आम्ही माणसे.

तोड काढली ऑपरेटरसाहेबांनी. म्हणाले, “प्रत्येक घड्याळाला प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची. कितीला घ्याल ते नको. तुमचे असते तर कितीला विकले असते, ते लिहा. चारांतला सगळ्यांत मोठा आकडा तो भाव. आपल्यापैकी कोणी घेतले, तरी त्याच भावाने. माझी चिठ्ठी चाचा लिहितील.”

पेटी उघडली. जेथे पूर्वी तिकिटांच्या गड्ड्या असत, त्या खणांत ओळीने घड्याळे. प्रत्येकाच्या पट्ट्याला एस. टी.चे जुने, उतारूने टाकून दिलेले तिकीट बांधलेले, आणि त्याच्या पाठीवर मास्तरांच्या मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर: कोठून घेतले, कितीला घेतले, काय बदलले. मुलगी एकेक वाचू लागली. “सोना. मिरज. दोनशे दहा. काच नवी.” “सी किंग. चोरबाजार. सरांनी भाव करताना घोटाळा घातला, पन्नास जास्त गेले.” (हा धादांत खोटा आरोप आहे.) “वेस्ट एंड, सोवार. एका फौजी म्हाताऱ्याने फुकट दिले, पैसे घेईना.” सोवार म्हणजे आपला सवारच, हे त्यांना मी सांगितले होते, तेही कंसात लिहिलेले होते.

मग पायलट आले. तिने तिकीट उलटले, वाचले, आणि ओठ दाबून हसू आवरले. “पायलट. पुणे. डायल रंगवून घेतली. सरांना सांगू नये.”

बाकडे हलेल इतके आम्ही हसलो. चाचांनी डोळ्याचे भिंग काढून डोळे पुसले, हसण्यानेच असावे.

चिठ्ठ्या लिहिल्या. रंगवलेल्या डायलचा भाव काय असायचा! डॉक्टरांनी आठशे लिहिले होते, ऑपरेटरसाहेबांनी सातशे, चाचांनी नऊशे. मी चार हजार लिहिले होते, आणि मीच ते घेतले. डॉक्टर म्हणाले, “सर, प्रक्षिप्त ओवीला मूळ ओवीचा भाव?”

“प्रक्षेप कोणी केला ते पाठीवर लिहिलेले आहे,” मी म्हणालो, “मग तो प्रक्षेप उरत नाही. तो पाठभेद.” हा युक्तिवाद विद्यापीठात टिकला नसता, बाकड्यावर टिकला.

एकसष्ट घड्याळांची बेरीज व्यापाऱ्याच्या आकड्याच्या तिपटीवर गेली. सी किंग डॉक्टरांना हवे होते. त्यावर मी लिहिलेला आकडा सर्वांत मोठा निघाला, आणि त्यांनी मुकाट्याने पैसे मोजले. काही घड्याळे चाचांच्या ओळखीने बंगळूरकडच्या एका संग्राहकाकडे गेली, काही हळूहळू विकली गेली. फी वेळेवर भरली.

पण मुलगी त्याच दिवशी हिशेब तपासत होती. कंडक्टरची लेक ती. तिकिटे नि उतारू जुळल्याशिवाय उठायची नाही. घड्याळे एकसष्ट, तिकिटे बासष्ट. खणाच्या तळाशी एक तिकीट नुसतेच पडलेले होते. तिने वाचले: “जनता. १९७९. पहिल्या पगारातून. चाचांकडे दिले आहे.”

सगळ्यांनी चाचांकडे पाहिले. चाचांनी खालचा खण ओढला, पुरचुंडी सोडली आणि एक झिजलेले ‘जनता’ तिच्या हातावर ठेवले. पिवळी पडलेली डायल, कोणी कधी न रंगवलेली. बाजारात त्याला पाचशे कोणी दिले नसते. चालू होते.

ऑपरेटरसाहेबांनी हात पुढे केला. कानाशी धरून ते म्हणाले, “नुकतेच साफ केलेले दिसते. तेलही नवे आहे.”

“चाचा, मजुरी किती झाली?” मुलीने पर्स उघडत विचारले.

“मास्तरांनी आगाऊ दिली होती,” चाचा म्हणाले, आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावले.

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कोणाला आगाऊ पैसे दिलेले नव्हते, हे बाकड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. ऑपरेटरसाहेब नुसते खाकरले. मुलीने घड्याळ मनगटावर बांधले. पट्टा सैल होत होता. मग तिने विचारले, “किल्ली किती द्यायची?” आणि आम्ही चौघेही एकदम, चार तऱ्हांनी, सांगू लागलो.