टपावरची मांडणी

3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज

ताईकडे कराडला निघालो. किणी टोलनाक्यावर ही रांग! पुढे एक लाल मारुती 800, आणि तिच्या डिकीवर चक्क स्पॉयलर. फास्टॅग चालेना म्हणून मालक खिडकीतून वाद घालत होता, तेवढ्यात मला ऐवज निवांत बघून घेता आला. सरकत्या खिडकीला वापरतात तो ॲल्युमिनियमचा सेक्शन, दोन्ही टोकं तिरपी कापलेली, बुडाशी सिलिकॉन ओघळून वाळलेलं. काच सरकायची खोबणसुद्धा तशीच. तिच्यात साचलेलं पाणी आणि दोन-चार झेंडूच्या पाकळ्या.

शर्यतीच्या गाडीला हा पंख असतो तो भन्नाट वेगात मागची चाकं रस्त्यावर दाबून धरायला. मारुतीला ओढतात पुढची चाकं, आणि इंजिन नावापुरतं 800 चं. खरं 796 सीसी. बरं, हेही चाललं असतं. पण डिकीच्या मधोमध मर्सिडीजचा तारा चिकटवलेला, त्याचं वाईट वाटलं. 2014 साली जिचं उत्पादन बंद झालं ती बाई अजून टोल भरत धावतेय. तिला परक्याच्या नावाचं कुंकू कशाला?

17 नोव्हेंबर

सायलेन्सरचा पाइप फाटला म्हणून उद्यमनगरात गेलो. मिस्त्री एका नव्याकोऱ्या गाडीला पुढे लोखंडी गार्ड चढवत होता. मनगटाएवढे पाइप, मधे क्रोमचा वाघ. म्हटलं, यावर डिसेंबर 2017 पासून बंदी आहे ना? त्याला सगळं ठाऊक होतं. माझ्यापेक्षा नीट त्यानंच समजावून सांगितलं: गाडीचं तोंड चेपावं म्हणूनच तसं घडवलेलं असतं, दणका त्यात जिरतो. गार्ड थेट चासीला बोल्ट केला की दणका न जिरता आत जातो, एअरबॅगचं गणित बिघडतं, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याचं काही खरं नाही.

“मग बसवतोस कशाला?”

“साहेब, न्हाई म्हटलं तर पलीकडच्या गाळ्यात बसवत्यात. गिऱ्हाइकाला वाघ पायजे. एअरबॅग कुणाला दिसत्यात?”

1 डिसेंबर

रात्री येताना निळ्या-पांढऱ्या दिव्यांनी डोळे दिपून दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. हॅलोजनची तार नेमकी कुठे असणार, त्या हिशेबानं मागचा आरसा घडवलेला असतो. त्यात बाजारातला एलईडी कोंबला की उजेड भलतीकडे फाकतो. गाडीचं ध्यान कसंही करा, मी हसून पुढे जाईन. याला माफी नाही.

12 डिसेंबर

आज जे दिसलं त्यानं महिन्याची भरपाई झाली. पेठ वडगावजवळ एका कार्यालयाबाहेर जुनी ओम्नी उभी होती आणि तिच्या टपावर स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी. आडवी निजवून चार कोपऱ्यांत वेल्डिंगचे पाय. ताटांच्या खाचांत एकामागोमाग एक पातेल्यांची झाकणं उभी, कपांच्या आकड्यांना झारे आणि कढईचे कान दोरीनं बांधलेले. वेल्डिंगचे थेंब घासायची तसदीही कुणी घेतली नव्हती. मांडणीच्या पट्टीवर कोरलेलं नाव, भेट देणाऱ्या मामांचं, आणि लग्नाची तारीख, 1998 ची.

गाडी आचाऱ्याची. मी फोटो काढतोय म्हटल्यावर ते हात पुसत बाहेर आले.

“मालक, डोकं कुणाचं हे?”

“मालकिणीचं. नवीन फर्निचर केलं, म्हणाली जुनी भंगारात घालण्यापरास टपावर घाला. आधी झाकणं आत ठेवायचो, रस्ताभर खडखडाट. आता एक वाजत न्हाई.”

खरंच वाजत नव्हतं. खाचांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. देखणं म्हणता येणार नाही. लांबून तर गाडीवर कुणीतरी फडताळ विसरून गेल्यासारखं दिसतं. पण ही ओम्नी दुसरी कुठली गाडी व्हायला बघत नव्हती.

14 डिसेंबर

कायदा काढून वाचला. कलम 52: कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं. मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गंमत अशी की मर्सिडीजचा खोटा तारा यात कुठेच बसत नाही. मांडणीवर मात्र एखाद्या हवालदाराचा डोळा पडू शकतो.

उत्तर प्रदेशात आंबेडकरनगरला यंदाच्या मार्चमध्ये वॅगनआरला शेपूट आणि पंखा लावून हेलिकॉप्टर केलं होतं, नवरदेवांना भाड्यानं द्यायला. पोलिसांनी ते जप्त केलं. आपल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीपच्या तोंडवळ्याची छोटी गाडी केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. ती नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवणार, हे आनंद महिंद्रांनी जाहीरपणे लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये दिलीही. लोहारांचा फायदाच झाला म्हणायचा. तरी कुणी मला विचारलं असतं तर मी ती किकवालीच मागितली असती.

8 जानेवारी 2025

1 एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांनाही आता नवी एचएसआरपी नंबरप्लेट सक्तीची, मुदत 31 मार्च. म्हणजे 4141 चा ‘दादा’ आणि 214 चा ‘राम’ काढून देणाऱ्या रंगाऱ्यांचा धंदा बसला. निळं अशोकचक्र, लेझरचा क्रमांक, एकदाच बसणारं कुलूप. खाडाखोडीला जागाच नाही.

शेजारच्या पोरानं सगळ्यांच्या आधी प्लेट बसवून आणली. संध्याकाळी बघतो तर तिच्याभोवती लाल-हिरवी लुकलुकणारी चौकट, ब्रेक दाबला की पळणारी. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “काका, नंबरला हात लावलाय का बघा. चौकटीचं कुठं काय लिवलंय?”