सुटण्याआधीचं उभं राहणं

बैलगाडा शर्यतीचा चांगला बैल ओळखायचा कसा, असं कुणी विचारलं की मी त्याला घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढणीच्या, खालच्या टोकाला घेऊन जातो. यात्रेला आलेली माणसं वर, निशाणापाशी गर्दी करतात. सेकंद तिथं कळतात, निवेदकाचं ‘भिर्रर्र’ तिथं घुमतं, भंडारा तिथंच उधळला जातो. निकाल वर लागतो हे खरं, पण बैल कळतो खाली, गाडा जुंपताना. त्या गलक्यात जो बैल चारी पायांवर नीट उभा राहतो, माझा भरवसा त्याच्यावर.

आमचा जुन्नर, आंबेगाव, खेडकडचा गाडा बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. सातारा-सांगलीकडं छकड्याला दोन बैल असतात आणि त्यांना हाकणारा वर बसतो. आमच्याकडं चार बैल, पुढं एक जोडी आणि मागं, गाड्याला लागून, धुरेला दुसरी, आणि गाड्यावर माणूसच नाही. पुढं घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि तिच्या मागं बैल चढाला लागतात. जुंपणाऱ्यांनी हात सोडले की त्या क्षणापासून बैलांना आवरायला, वळवायला कुणी नसतं. चांगली बारी 11-12 सेकंदांत संपते आणि दोन गाड्यांमधला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागावर जातो. कासरा ओढून चूक सुधारायची सोय ज्या खेळात नाही, त्या खेळात पायांच्या आधी बैलाचं मन बघावं लागतं.

चार बैल एका दमात सुटले तरच गाडा सरळ उठतो. पुढच्या जोडीतल्या एकानं अर्धं पाऊल आधी घेतलं की जू तिरकं होतं, जोडीदाराची मान ओढली जाते, धुरेच्या बैलांना गाडा आणि पुढची ओढ असं दोन्ही एकदम अंगावर येतं. वर निशाणापाशी उभा असलेला माणूस म्हणतो, आज बैल पळाले नाहीत. पळाले होते, पण खाली चौघांचं जमलं नव्हतं. म्हणून एकट्यानं तुफान पळणारा बैल मला फारसा मोहात पाडत नाही. तो गाड्यात कुणाशी जमवून घेतो, डाव्या अंगाला चालतो की उजव्या, नवा जोडीदार दिला तर दोन-चार सरावांत त्याची चाल धरतो का, हे मी आधी विचारतो. दोन्ही खांदी सारखा पळणारा बैल मिळाला तर त्याची किंमत मालकाला आपोआप कळते.

उभं राहणं म्हणजे थंड असणं नव्हे. उत्सुक बैल आणि भ्यालेला बैल लांबून सारखेच दिसतात. दोघंही थरथरतात, दोघंही माती उकरतात. जवळ जाऊन बघावं. उत्सुक बैलाचे दोन्ही कान घोडीकडं लागलेले असतात, नजर तिच्यावर खिळलेली असते, आणि घोडी हलत नाही तोवर तो अंग धरून थांबतो. भ्यालेल्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, शेपटी आखडते, तो पातळ शेण टाकतो, कान चारी दिशांना भिरभिरतात. हा बैल सुटतो तेव्हा घोडीच्या मागं लागत नाही. त्याला फक्त तिथून निघून जायचं असतं, आणि वाट सापडेल तिकडं तो निघतो. गर्दीत घुसलेल्या गाड्यांच्या ज्या बातम्या येतात, त्यांतल्या कितीतरी खाली उभं असतानाच सुरू झालेल्या असतात असं माझं मत आहे.

यात बैलाचा दोष नाही. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्यांना जवळजवळ सगळा भोवताल दिसतो, फक्त पाठीमागचा थोडा भाग सुटतो. पण खोलीचा अंदाज त्यांना कमी. जमिनीवर पडलेली सावली त्यांना खड्ड्यासारखी वाटू शकते. आता कल्पना करा, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, हलणारे फेटे, उंच धरलेले मोबाईल, डोक्यावर ड्रोन आणि त्याची मातीवरून पळणारी सावली. हे सगळं एकाच वेळी दिसत असताना पुढच्या घोडीवर लक्ष ठेवायचं! जो बैल हे करतो त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

असा बैल खोंडपणीच शोधावा लागतो. आमच्या जुन्नर तालुक्यात बेल्ह्याचा सोमवारचा बाजार आहे, शिवाय खेडकडं चाकणचा आहे. पण शर्यतीच्या खिलार जातीचं मूळ घर दक्षिणेकडं, म्हणून माणसं सांगोल्याला जातात, खरसुंडीच्या यात्रेला जातात. बहुतेक जण आदत, म्हणजे दुधाच्या दातांचा, किंवा दुसा, म्हणजे दोन दातांचा, खोंड घेतात. दोन वर्षांच्या आसपास पहिले दोन कायमचे दात येतात, तोवर त्याच्या अंगात घडवण्यासारखं बरंच शिल्लक असतं. अंगानं म्हणाल तर छाती खोल असावी, पोट आवळलेलं, गळ्याची पोळी आटोपशीर, खूर काळे, टणक आणि मिटलेले. मग त्याला मोकळ्या भुईवर चालवून बघावं. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा थोडा पुढंच पडला तर त्याची ढांग लांब आहे. भोवरे आणि गोमा बघणारे जाणकार बाजारात बरेच भेटतात. त्यांच्या श्रद्धेचा मी मान राखतो, पण भोवऱ्यावरून खोंड घेत नाही आणि भोवऱ्यावरून सोडतही नाही.

माझे आजोबा बाजारात आवडलेल्या खोंडापाशी नुसते बसून राहायचे. पलीकडून मोटारसायकल गेली, शेजारच्या बैलानं शिंग उगारलं, पोरांनी आरडाओरडा केला, की तो दचकतो का, आणि दचकला तर किती वेळानं परत रवंथाला लागतो, हे ते बघत. दचकणं वाईट नाही, असं ते म्हणत. दचकल्यावर माघारी येता आलं पाहिजे. खोंड घेण्याबद्दल मला याहून शहाणं काही अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुढची दीड-दोन वर्षं मेहनतीची. नांगरलेल्या रानातून चालवणं, पाण्यात पोहवणं, हलक्या गाड्याला जुंपणं, मग घोडीच्या मागं थोडं थोडं सोडणं. खुराकावर आमच्याकडं फार बोलतात. शाळूचा कडबा, हिरवी मका, भरडा, पेंड, उडीद, कुणी दूध-अंडीही घालतं. माझा अनुभव असा की खुराक वाढवताना माणसं हात सैल सोडतात आणि सरावात घाई करतात, तर व्हायला हवं याच्या उलट. सरावाच्या घाटात मी खोंडाला कितीतरी वेळा नुसता जुंपतो, उभा करतो, थोपटतो आणि न सोडताच परत आणतो. जुंपलं म्हणजे दर वेळी पळायचं असतंच असं नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं की खाली उभं राहणं त्याला जड जात नाही.

पळण्याशिवायचं असं काम मोजायची रीत दुसरीकडं आहे. अमेरिकेत रकून नावाच्या प्राण्याच्या मागावर जाणारी शिकारी कुत्री पाळतात. त्यांच्या एका प्रकारच्या शर्यतीत जनावर सोडत नाहीत. त्याचा नुसता वास जमिनीवरून ओढत नेतात आणि माग एका झाडाशी संपवतात. झाडाअलीकडच्या निशाणांमधून जो कुत्रा आधी जातो त्याला एक बक्षीस, आणि झाडापाशी जाऊन, वर तोंड करून जो आधी भुंकतो त्याला दुसरं. पळणं एक आणि काम पुरं करणं वेगळं, हे त्यांनी मान्य केलं आहे, आणि मला ते फार पटतं. आमच्या घाटात घड्याळ एकच, आणि ते फक्त पाय मोजतं.

या एका घड्याळापायी बैलांवर बरंच काही झालं. टोकदार पराणी, शेपटी पिरगाळणं, बॅटरीचा झटका. हे होत होतं, आणि ते नाकारणाऱ्यांच्या बाजूनं मी कधी बोललो नाही. जुलै 2011 मध्ये केंद्रानं बैलाचं नाव प्रदर्शन-खेळांस मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवरची बंदी कायम केली. बैल हा ओढकामाचा प्राणी, पळण्यासाठी त्याची ठेवण नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं ती कायम ठेवली. बंदीच्या काळात खिलारच्या खोंडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. खिलार गाय दूध थोडं देते. तिला माणूस पोसतो तो तिच्या पोटच्या खोंडासाठी. त्या वर्षांत चांगल्या गाईंची दावणच मोडत चालली होती. पुढं 2022 च्या पावसाळ्यात गुरांचा लंपी आजार आला, तेव्हा बाजारही थांबले.

शर्यती परत सुरू झाल्या त्या नियमांसह. धाव 1000 मीटरच्या आत, पशुवैद्यकाची तपासणी, आणि काठी, चाबूक, विजेचा झटका काहीही चालणार नाही. क्रूरता सिद्ध झाली तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पुष्कळांना हा जाच वाटतो. मला यात बैलाची पारख दिसते. पराणी हातात असताना भ्यालेला बैलही 12 सेकंदांत वर जायचा, आणि घड्याळाला भीती कळत नाही. पराणी गेली आणि आपल्या खुशीनं पळणारा कोण हे उघड्यावर आलं. बैल पळण्यासाठी नाही या न्यायालयाच्या म्हणण्याला आमचं उत्तर द्यायचं असेल तर ते न टोचलेल्या बैलानंच दिलं पाहिजे.

बारी झाल्यावरही बैलापाशी जावं. बरगड्यांचा भाता किती वेळ चालतो ते बघावं. उन्हाळ्यात गुरं घामाबरोबर श्वासातूनही उष्णता टाकतात, म्हणून चैत्र-वैशाखात धाप जास्त लागणार हे गृहीत धरावं. पण तोंड उघडं, जीभ बाहेर आणि लाळ थांबत नाही असं दिसलं तर त्या दिवशी त्याला पुन्हा जुंपू नये, मग फायनल हातची गेली तरी चालेल. सावलीत आणल्यावर जो थोड्या वेळात पाणी पितो, कडब्याला तोंड लावतो आणि रवंथ करायला लागतो, त्याला तो दिवस मानवला असं समजावं.

पाडवा आला की आमच्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं सुपारी द्यायला येतात. शर्यतीची बक्षिसंही हीच माणसं ठरवतात. त्यांना माझी विनंती आहे. सगळ्यांत कमी वेळ घेणाऱ्या ‘घाटाच्या राजा’ला जे द्यायचं ते द्या, त्यात काही कमी करू नका. पण त्याच्या शेजारी एक बक्षीस खालच्या टोकाला ठेवा. जी चौकडी हात न उगारता, आरडाओरडा न करता जुंपली गेली, निमूट उभी राहिली आणि एका दमात सुटली, तिच्यासाठी. पंच म्हणून एक जुना गाडामालक आणि एक पशुवैद्यक पुरे. रक्कम कमी असली तरी चालेल, पहिल्या वर्षी नुसती ढाल दिलीत तरी चालेल. फक्त तिची घोषणा वरच्या लाउडस्पीकरवरून करा.