त्या मुलाला मी का विचारलं?

मध्य प्रदेशातल्या पाटनला मटाराची तोडणी सुरू झाली की वर्ग निम्मा ओस पडायचा. मी अकरावी-बारावीला हिंदी शिकवायचे. अशा दिवसांत धडा पुढं सरकवता येत नसे, म्हणून शानींची ‘काला जल’ वाचून दाखवायला घेतली. १९६५ची ही कादंबरी, बस्तरमधल्या मुस्लिम कुटुंबाची. शब-ए-बारातला गेलेल्यांच्या नावानं फातिहा पढतात आणि एकेका नावासरशी एकेक आयुष्य उलगडत जातं. माझ्या मुलांना मुसलमान घर ठाऊक होतं ते प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेतल्या हमीदपुरतं, म्हणून मला ती हवी होती.

फातिहाचा भाग आला आणि वर्गातल्या एकुलत्या मुसलमान मुलाला मी विचारलं, ‘तुमच्यात हे कसं करतात, सांग बरं.’ तो गोंधळला. ‘अब्बांना विचारून सांगतो, मॅडम,’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं कागदावर लिहून आणलं आणि मी त्याला ते सगळ्यांसमोर वाचायला लावलं. आपण त्याला मान दिला, असं मला वाटत होतं. पुढं मुलं त्याला काहीबाही विचारू लागली: तलाक, कुर्बानी, पाकिस्तान. तोवर तो शाळेचा गोलंदाज होता. मी त्याला वर्गातला मुसलमान करून ठेवलं. हे मला आपणहून कळलंही नाही. त्याच्या आईनं फाटकाशी गाठून सांगितलं, ‘मॅडम, त्याला आता काही विचारू नका.’

त्या कादंबरीतली घुसमट, बायकांची कोंडी वर्गातल्या कितीतरी घरांत होती. त्यावर मी कुणालाच बोलतं केलं नाही.

चित्रा मुद्गलांच्या ‘पोस्ट बॉक्स नं. २०३ – नाला सोपारा’ या कादंबरीला २०१८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ती वर्गात नेली. किन्नर म्हणून घरातून तुटलेला विनोद आपल्या ‘बा’ला, म्हणजे आईला, पत्रं लिहितो. पालक तक्रार करतील या धास्तीनं मी उतारे निवडले: व्याकूळ होण्याचे ठेवले, जाब विचारण्याचे गाळले. मुलांनी वह्यांत ‘बेचारा’ लिहिलं. दुसरं काय लिहिणार? टाळ्या वाजवून पैसे मागायला नकार देणारा, शिकायला आसुसलेला विनोद मी त्यांना भेटूच दिला नव्हता.

शेजारच्या कटनीत १९९९ साली कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या होत्या. पद स्त्रियांसाठी राखीव होतं; किन्नर असलेल्या कमला जान स्त्री नाहीत, असं म्हणून न्यायालयानं निवडणूक रद्द केली आणि २००३मध्ये उच्च न्यायालयानं ते कायम केलं. स्त्री कोण हे ठरवतं कोण, हा प्रश्न मुलांच्या इतक्या जवळ घडलेला होता. मी कटनीचं नावही काढलं नाही. दया शिकवली तर कुणाचे पालक भांडायला येत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

आता विनोदची चिडलेली पत्रं आधी वाचते. घरच्या चालीरीती कुणालाही विचारत नाही. पात्र असं का वागलं, ते सगळ्यांना विचारते. त्या मुलाची माफी मात्र मी स्टाफरूममध्ये एकट्याला बोलावून मागितली. ती वर्गासमोर मागायला हवी होती.